आईच्या नव्या टॅबला सिक्युरिटी किती लागते

वयस्कर माणसाच्या हातात टॅब देताना त्यात अँटिव्हायरस टाकायचा की नाही, टाकायचा तर पैसे भरून की फुकटातला, या प्रश्नाला मी गेल्या काही महिन्यांत बराच वेळ दिला. आई 72 वर्षांची आहे, ठाण्याच्या नौपाड्यात एकटी राहते. मी घोडबंदर रोडला, कासारवडवलीत. तिच्याकडे काही अडलं तर मी पोचेपर्यंत वाटेतल्या ट्रॅफिकमध्येच निम्मा जीव जातो. म्हणून मी जवळ नसतानाही तिच्या हातातली वस्तू सुरक्षित राहावी, एवढीच माझी इच्छा होती.

तिच्या गरजा साध्या. ई-पेपर वाचायचे, कीर्तनं ऐकायची, भजनी मंडळाचा ग्रुप बघायचा आणि पुण्यातल्या नातवाला व्हिडिओ कॉल करायचा. फोनवरची अक्षरं तिला आता दिसत नाहीत.

राम मारुती रोडवरच्या एका दुकानात गेले तर टॅबच्या आधी अँटिव्हायरसचा पॅकच पुढे आला. "सीनियर सिटिझन वापरणार ना मॅडम, मग तीन वर्षांचा सिक्युरिटी पॅक घेऊनच टाका, डोक्याला ताप नको." माझा भाचा ऐरोलीला आयटी कंपनीत आहे. त्याला तिथूनच फोन लावला तर तो म्हणाला, "मावशी, अँड्रॉइडला काही लागत नाही, पैसे फुकट जातील." दोघेही अगदी ठाम होते, आणि का ते दोघांनीही सांगितलं नाही. मी हिशेबाच्या कामात आयुष्य काढलंय. कशासाठी ते कळल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, आणि कशासाठी ते कळल्याशिवाय वाचवायचेही नाहीत, अशी माझी रीत आहे. पॅक नको म्हटलं नाही, "नंतर सांगते" म्हटलं.

दुकानात मात्र एक गोष्ट तपासली आणि तिचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. सेटिंग्जमध्ये अगदी तळाशी टॅबबद्दलची माहिती असते. तिथे अँड्रॉइड आवृत्तीवर टिचकी मारली की सिक्युरिटी अपडेटची तारीख दिसते. 2015च्या जुलैत अँड्रॉइडमधला स्टेजफ्राइट नावाचा दोष उघडकीला आला होता. नुसता एक व्हिडिओ मेसेज पाठवून फोनमध्ये शिरता येईल, असा तो प्रकार. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सुरक्षेची दुरुस्ती प्रसिद्ध करू लागलं. पण ती तुमच्या टॅबपर्यंत पोचवायची की नाही आणि किती वर्षं पोचवायची, हे टॅब बनवणाऱ्या कंपनीच्या हातात असतं. दुकानात आधी जो स्वस्तातला टॅब दाखवला त्यावरची तारीख वर्षापेक्षा जुनी होती. "घरी वायफायला लावला की अपडेट येईल," असं विक्रेत्या मुलाने सांगितलं. मी तिथेच माझ्या फोनचा हॉटस्पॉट चालू केला, टॅब जोडायला लावला आणि अपडेट शोधायला सांगितलं. चक्र थोडा वेळ फिरलं आणि उत्तर आलं की सिस्टिम अद्ययावत आहे. म्हणजे त्या कंपनीच्या लेखी ती जुनी तारीखच ताजी होती! उघड्या राहिलेल्या भोकांवर वरून कितीही महागडं अ‍ॅप लावलं तरी ती भोकं बुजत नाहीत, कारण अ‍ॅपला सिस्टिमची दुरुस्ती करताच येत नाही. तो टॅब बाजूला ठेवला. पॅकला गेले असते त्यात थोडी भर घालून वरचं मॉडेल घेतलं, ज्याच्या सिक्युरिटी अपडेटची वर्षं कंपनीने आधीच जाहीर केली होती.

दुसरा निर्णयही दुकानातच झाला. सिमवाला टॅब घ्यायचा की फक्त वायफायवाला? आई टॅब घेऊन घराबाहेर पडणार नव्हती, म्हणून वायफायवाला घेतला. खरं तर तेव्हा दोन पैसे वाचले एवढंच डोक्यात होतं. पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की निम्मी सुरक्षा या एका निवडीतच मिळाली होती. आपल्याकडे अँड्रॉइडमधून पैसे पळवणारी बहुतेक अ‍ॅप एसएमएसच्या मागे असतात. ओटीपी वाचायचा, पुढे पाठवायचा, आणि मेसेज आलाच नव्हता असं दाखवायचं. टॅबमध्ये सिमच नाही म्हणजे एसएमएस नाही. यूपीआयची नोंदणीही त्या यंत्रातल्या सिमवरून मेसेज गेल्याशिवाय होत नाही, म्हणजे यूपीआय नाही. फोनवरचे मेसेज टॅबवर दाखवण्याची सोय हल्ली बऱ्याच कंपन्या देतात. ती मी मुद्दाम चालू केली नाही, नाहीतर समोरच्या दाराला कुलूप आणि मागचं दार उघडं असं झालं असतं. टॅबसाठी गूगलचं नवं खातं उघडलं आणि त्याला कोणतंही कार्ड जोडलं नाही. बँकेचं काम फोनवरच होईल, हे आईने लगेच मान्य केलं. तिला तेच सोयीचं वाटतं.

आता अँटिव्हायरस. आपल्या पिढीच्या मनात कॉम्प्युटर म्हटलं की अँटिव्हायरस आलाच, आणि ते उगाच नाही. घरात विंडोज एक्सपी होतं, सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर काहीतरी आणायचं आणि ऑटोरनमधून, म्हणजे पेनड्राइव्ह लावताच त्यातलं आपोआप चालू होण्याच्या सोयीतून, व्हायरस घरी यायचा. 2008च्या अखेरीस कॉन्फिकर नावाचा व्हायरस आला तेव्हा ऑफिसातली कॉम्प्युटर एकामागून एक आडवी झालेली मी पाहिली आहेत. पुण्यात कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या दुकानातून उभी राहिलेली क्विक हील याच काळात घराघरात पोचली. तेव्हाच्या विंडोजमध्ये कुठलाही प्रोग्रॅम कुठेही हात घालू शकायचा, म्हणून सगळीकडे बघू शकणारा पहारेकरी लागायचा.

अँड्रॉइडची रचनाच वेगळी आहे, आणि हे समजायला मला वेळ लागला. तिथे प्रत्येक अ‍ॅप म्हणजे सोसायटीतला एकेक बंद फ्लॅट. एका फ्लॅटमधून दुसऱ्यात जाता येत नाही. आणि अँटिव्हायरसही त्याच सोसायटीतला एक भाडेकरू असतो, त्याच्याकडे सगळ्यांच्या दारांच्या किल्ल्या नसतात. बसवलेल्या अ‍ॅपच्या फाइली तो तपासू शकतो, डाउनलोड्ससारखे सामायिक फोल्डर परवानगी दिली तर बघू शकतो. पण दुसरं अ‍ॅप आतल्या आत काय करतंय हे त्याला दिसत नाही.

वाचून समाधान झालं नाही म्हणून एका नावाजलेल्या अँटिव्हायरसची चाचणी आवृत्ती टॅबवर घेतली. आयकार नावाची एक निरुपद्रवी फाइल असते, 68 अक्षरांची, अँटिव्हायरस जागा आहे का हे बघण्यासाठीच बनवलेली. ती डाउनलोड्समध्ये ठेवली. अ‍ॅपने लगेच पकडली. तेवढं काम ते चोख करतं, यात शंका नाही.

पण मग ते परवानग्या मागू लागलं. सगळ्या फाइली बघण्याची, टॅब हरवला तर शोधण्यासाठी लोकेशनची, दुसऱ्या अ‍ॅपच्या वर आपली खिडकी दाखवण्याची. आणि शेवटी अ‍ॅक्सेसिबिलिटीची. इथे मी थांबले. अ‍ॅक्सेसिबिलिटी ही सोय अंध किंवा हाताने काम करू न शकणाऱ्या लोकांसाठी आहे. ती मिळालेलं अ‍ॅप पडद्यावरचं सगळं वाचू शकतं आणि आपल्या वतीने बटणंही दाबू शकतं. अँटिव्हायरसला ती कशाला हवी? तर ब्राउझरच्या पट्टीत कोणता पत्ता उघडला आहे हे वाचून खोट्या साइटची सूचना देण्यासाठी. कारण प्रामाणिक आहे. पण बँकेचे पैसे पळवणारी अ‍ॅपही नेमकी हीच परवानगी मागतात, आणि अँड्रॉइड 13पासून प्ले स्टोअरच्या बाहेरून आणलेल्या अ‍ॅपला ती सहज मिळू नये म्हणून खास अडथळा घातलेला आहे. आईला मी शिकवणार होते की ही परवानगी कुणी मागितली तर द्यायची नाही. मग पहिल्याच दिवशी माझ्याच हाताने, "हे चांगलं अ‍ॅप आहे, याला चालतं," असं सांगून ती द्यायची? नियमाला सुरुवातीलाच अपवाद केला की तो नियम उरत नाही. मला ते पटलं नाही.

खोट्या साइटचं काम दुसऱ्या मार्गाने झालं. साइटचं नाव टाकलं की ती इंटरनेटवर कुठे आहे हे सांगणाऱ्या सेवेला डीएनएस म्हणतात, आणि ती आपल्या पसंतीची निवडायला अँड्रॉइड 9पासून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस असतं. तिथे क्वाड9 या ना-नफा संस्थेचा पत्ता टाकला. धोकादायक म्हणून नोंद झालेल्या साइटचं नाव विचारलं गेलं की ही सेवा उत्तरच देत नाही, त्यामुळे ती साइट उघडत नाही. आज सकाळी उभी राहिलेली फसवी साइट तिच्या यादीत नसेल, ही मर्यादा आहेच. पण यासाठी पडद्यावर कुणाला डोळा ठेवू द्यावा लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. क्रोममध्ये सुरक्षित ब्राउझिंग वरच्या पातळीवर करून ठेवलं.

फुकटातल्या अ‍ॅपबद्दल मात्र माझं मत कडक झालं. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज ही संस्था अँटिव्हायरसच्या चाचण्या घेते. 2019 मध्ये त्यांनी अँड्रॉइडची 250 सिक्युरिटी अ‍ॅप तपासली. 2,000 घातक अ‍ॅपपैकी निदान 30 टक्के ओळखू शकली अशी त्यातली फक्त 80. काही अ‍ॅप तर आत काय आहे हे न बघता नुसतं नाव ओळखीच्या यादीत आहे का एवढंच पाहत होती. प्ले स्टोअरवर ‘अँटिव्हायरस’ शोधून पहिलं हिरव्या ढालीचं चित्र दिसेल ते घालणं म्हणजे काहीच न घालण्यापेक्षा वाईट, कारण सुरक्षित असल्याची भावना तेवढी मिळते. घालायचंच असेल तर अशा स्वतंत्र चाचण्यांमध्ये वर्षानुवर्षं टिकलेलं घालावं.

भाच्याचं म्हणणंही मी पूर्ण मान्य केलं नाही. तो म्हणाला होता, "प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं, मग काही होत नाही." पण जोकर नावाचं मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, प्ले स्टोअरवरच वर्षानुवर्षं रूप बदलून येत राहिलं. जानेवारी 2020 मध्ये गूगलनेच सांगितलं की 2017पासून अशी सुमारे 1,700 अ‍ॅप काढून टाकली. ते फोनच्या बिलावर न मागितलेल्या सेवा लावायचं. तेही मेसेज आणि मोबाइल डेटाच्या वाटेने, म्हणजे आईच्या टॅबवर त्याच्या हाती काही लागलं नसतं. तरी आईच्या टॅबवर काय बसवायचं ते आम्ही दोघी मिळून ठरवलं आणि त्यापलीकडे नवीन काही घालण्याआधी मला फोन करायचा, असं तिनेच सुचवलं.

प्ले प्रोटेक्ट ही गूगलची स्वतःची तपासणीची सोय टॅबमध्ये आधीपासून असते आणि बसवलेली अ‍ॅप तपासत राहते. दुकानदाराने तिचं नावही घेतलं नव्हतं. ती चालू आहे का आणि टॅब गूगलने प्रमाणित केलेला आहे का, हे प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये बघून घेतलं. ब्राउझरमधून किंवा मेसेजमधून आलेलं अ‍ॅप एसएमएस वाचण्याची किंवा अ‍ॅक्सेसिबिलिटीची परवानगी मागत असेल तर भारतात ते आता बसवतानाच अडवलं जातं. पण प्ले प्रोटेक्ट बंद करण्याचं बटणही तिथेच असतं, आणि फोनवर बोलत राहून समोरच्याकडून ते बंद करून घेणं हाच फसवणाऱ्यांचा पुढचा डाव असतो. त्यामुळे आईला तो पडदा दाखवला आणि सांगितलं, "हे बंद करायला सांगणारा माणूस कोणीही असो, बँकेचा असो की पोलीस म्हणवणारा, फोन ठेवून द्यायचा."

सगळ्यात जास्त वेळ मी एका पडद्यावर घालवला, आणि तो सार्थकी लागला. आपल्याकडे हल्ली चलान, गॅसचं बिल, लग्नपत्रिका अशा नावांनी एपीके फाइली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात. एपीके म्हणजे अ‍ॅप बसवण्याची फाइल. आईला हे तोंडी सांगून तिच्या लक्षात राहणार नव्हतं, म्हणून करून दाखवलं. एफ-ड्रॉइड हे मुक्त सॉफ्टवेअरचं स्टोअर त्याच्या साइटवरून एपीके म्हणून मिळतं, निर्धोक आहे. ते क्रोममधून उतरवलं आणि आईला उघडायला सांगितलं. टॅबने मध्येच चौकट आणली की सुरक्षेसाठी या ठिकाणाहून आलेली अनोळखी अ‍ॅप बसवायला परवानगी नाही. खाली दोन पर्याय, सेटिंग्ज आणि रद्द करा. टॅबची भाषा मराठी केलेली असल्याने तिने ते मोठ्याने वाचलं.

"मग आता सेटिंग्ज दाबायचं?" तिने विचारलं.

"तेच दाबायचं नाही, आई. ही चौकट आली की समजायचं, कोणीतरी काहीतरी घुसवतंय. रद्द करायचं आणि मला सांगायचं."

ती चौकट आम्ही पुन्हा पुन्हा आणली, तिचा हात न अडखळता रद्दवर जाईपर्यंत. मग मी ती फाइल पुसून टाकली. अँड्रॉइड 8पासून ही परवानगी प्रत्येक अ‍ॅपला वेगळी द्यावी लागते. म्हणून सेटिंग्जमधली ‘अनोळखी अ‍ॅप इन्स्टॉल करणे’ ही यादी उघडून क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल मॅनेजर, सगळ्यांपुढे ‘परवानगी नाही’ आहे याची खात्री केली.

लग्नसराईत तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर खरंच तशी पत्रिका आली, एका सभासद बाईंच्या नंबरवरून. आईने ती उघडलीच नाही. ग्रुपवर आवाज टाकला, "अहो, पत्रिका वाचायची असते, बसवायची नसते. कुणी हात लावू नका." त्या बाईंचा फोन आधीच कुणाच्या तरी ताब्यात गेला होता. त्यांच्या मुलाला मी 1930 नंबर दिला. पैसे गेल्यावर लगेच या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार केली तर पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता असते, उशीर झाला की ती कमी होत जाते. आईच्या फोनमध्येही तो नंबर आता सेव्ह केलेला आहे.

एक त्रास मात्र माझ्या कल्पनेत नव्हता. एका सकाळी आईचा घाबऱ्या आवाजात फोन आला, टॅबमध्ये 13 व्हायरस सापडले आहेत, ताबडतोब साफ करा असं येतंय. मी व्हिडिओ कॉलवर बघितलं. ती सूचना कुठल्या सिक्युरिटीची नव्हतीच, क्रोममधून येत होती. पंचांगाची म्हणून उघडलेल्या एका साइटने नोटिफिकेशन पाठवू का विचारलं होतं आणि आईने हो म्हटलं होतं. आता ती साइट व्हायरसची भीती घालून कुठलंतरी ‘क्लीनर’ घ्यायला लावत होती. सूचना दाबून धरली, खाली साइटचं नाव दिसलं, ती बंद केली. मग क्रोमच्या सेटिंगमध्ये कुठल्याच साइटने असं विचारू नये, अशी सोय केली. मला हा प्रकार फार चीड आणणारा वाटतो. म्हाताऱ्या माणसांची काळजीच त्यांच्याविरुद्ध वापरायची. आणि हेही कळलं की तीन वर्षांच्या पॅकची जाहिरात जिच्या कानावर रोज पडते, तिला ‘13 व्हायरस’ची भीती घालणं जास्त सोपं जातं. ज्या घरात व्हायरसची सूचना कधी येतच नाही, तिथे ती आली की खोटीच, एवढं साधं सूत्र आईला पेलतं.

बाकीचं चटकन उरकलं. सहा आकडी पिन, जन्मसाल सोडून. सुट्टीत नातू आला की त्याच्यासाठी त्याच टॅबवर वेगळा वापरकर्ता, म्हणजे त्याचे गेम त्याच्या कप्प्यात. हरवला तर शोधण्याची गूगलची सोय चालू. चाचणीची मुदत संपायच्या आत अँटिव्हायरस काढून टाकला. माझ्या विंडोजच्या लॅपटॉपवर मी त्यातच आलेलं डिफेंडर हे अँटिव्हायरस ठेवते आणि तिथेही वेगळं काही विकत घेतलेलं नाही.

दुकानदाराला फोन करून पॅक नको म्हणून कळवलं. पण आईच्या शेजारच्या काकूंच्या बाबतीत मी उलट सांगितलं. त्यांचा टॅब सिमवाला आहे, हातातला फोन साधा बटणांचा. त्यामुळे यूपीआय टॅबवरच, बँकेचे मेसेजही टॅबवरच. त्यांच्या मालिका बघण्याच्या हौसेसाठी कुणीतरी एक एपीके घालून दिलं होतं, आणि ‘अनोळखी अ‍ॅप’च्या यादीत क्रोम, व्हॉट्सअ‍ॅप, फाइल मॅनेजर तिघांनाही परवानगी दिलेली सापडली. ते अ‍ॅप काढलं, परवानग्या बंद केल्या, अपडेट टाकलं. यूपीआय दुसरीकडे हलवा म्हटलं तर काकूंनी साफ नकार दिला, "मला हेच दिसतं गं, त्या छोट्या फोनवर कुठे बघू." त्यांचंही खरं आहे. तिथे स्वतंत्र चाचण्यांमध्ये चांगलं ठरलेलं, पैसे भरलेलं अ‍ॅप ठेवायला मी स्वतः सांगितलं. नवीन काही बसलं तर निदान दुसरं कोणीतरी तपासेल. मात्र अ‍ॅक्सेसिबिलिटी त्यालाही दिलेली नाही. शिवाय यूपीआयला पेन्शनचं खातं जोडलेलं होतं. त्याऐवजी महिन्याच्या वाणसामानापुरते पैसे ठेवायला एक वेगळं बचत खातं उघडायचं ठरलंय. काकूंचं आधार आणि पॅन माझ्याकडे झेरॉक्ससाठी आलंय, शनिवारी सुट्टी नसेल तर त्यांना घेऊन बँकेत जाणार आहे.